परातभर नदी

गेल्या रविवारी माझ्या चित्राची घरातच फजिती झाली.

मी हौसेने जलरंगात चित्रं काढते. सासूबाईंचं माहेर पूर्णा नदीकाठचं... तिथे आता कुणी उरलं नाही, आणि गुडघ्यांमुळे त्यांचं जाणंही होत नाही. म्हटलं, त्यांची नदीच काढून त्यांच्या खाटेसमोर लावू.

आमच्या मोताळ्यात नळ रोज येत नाही, त्यामुळे घरातलं पाणी सासूबाईंच्या ताब्यात. ब्रश धुवायला मला एक वाटी मिळते. दुसरी मागितली की लेक्चर!

तीन दिवस खपून नदी काढली. सासूबाईंनी चष्मा लावून पाहिली आणि म्हणाल्या, "पानी हाय का हे? निळी चादर वाळू घातल्यावानी दिसून राह्यलं."

मला राग आला. खरं सांगायचं तर रडूच आलं. ब्रश ठेवून दिला आणि स्वयंपाकघरात उगाच भांडी आदळत बसले.

थोड्या वेळाने अंगणातून हाक आली, "काऊन वं, रुसली का? इकडे ये."

बघते तर सासूबाई निंबाखाली बसलेल्या, समोर मोठी परात... आणि पाण्याने भरलेला पितळी गुंड त्या तिच्यात रिकामा करत होत्या. एका वाटीसाठी कुरकुरणाऱ्या माझ्या सासूबाई!

मग त्यांनी परातीत एक दगड ठेवला आणि हाताने पाणी हळूहळू लोटलं. "दगडाच्या मांगं पाह. पानी वळून वापस येते."

खरंच येत होतं. आणि त्यात निळं काहीच नव्हतं... निंबाची पानं होती, त्यांच्या हिरव्या बांगड्या होत्या. मी कागद तिथेच घेऊन बसले आणि परातीकडे पाहत पुन्हा नदी काढली. हिरवट, मातकट, दगडामागे वळणारी.

या वेळी सासूबाईंनी पुन्हा चष्मा लावून चित्र जवळून पाहिलं. मग ओलं बोट चित्रातल्या दगडाजवळ टेकवून म्हणाल्या, "इथं माही माय बसे धुनं धुवाले..."

बोट त्यांनी तिथून उचललंच नाही. मीही कागद हलवला नाही.

परातीतलं पाणी अर्थातच कढीपत्त्याला गेलं. चित्र आता खाटेसमोर आहे. त्यांच्या ओल्या बोटाने दगडाजवळचा रंग पसरला, तो मी दुरुस्त केला नाही... सगळ्या नदीत तेवढंच पाणी माझ्या हातचं नाही, आणि तेच सगळ्यात खरं उतरलंय.