उबवणीला बसलेली बदकी

आषाढ वद्य त्रयोदशी, रविवार. सकाळी कोयत्याला धार लावली आणि चुलीवर पाण्याचं पातेलं चढवलं. गटारीला रोह्याहून दीर-जाऊ मुलांसह येणार होते. दोन बदकं कापायची होती.

हायवेच्या रुंदीकरणात आमचं गडबचं घर जाणार होतं. श्रावण लागला की वरश्याला बिल्डिंगीत दुसऱ्या मजल्यावर राहायला जायचं. तिथे बदकं ठेवणार कुठे? चार होती: एक नर, तीन माद्या. लाल चामखिळी तोंडाची, न ओरडणारी जात, नुसती फुसफुसते. मोहल्ल्यातली खाला माद्या पाळायला नेणार होती, नर आम्ही कापणार होतो. पण पाहुणे वाढले आणि एकात भागेना.

तिसरी मादी महिनाभर गोणपाटाआड अकरा अंड्यांवर बसली होती. पहिल्यांदाच. कोंबडीला एकवीस दिवस, बदकाला आठवडाभर जास्त, हे मी ऐकून होते. कॅलेंडरवर खूणही केली होती. आज एकतिसावा दिवस. अंडी नासली, असं मी ठरवलं.

"बसलेली हाय ती, तिला नको," नवरा म्हणाला.

"मग काय वरश्याला गॅलरीत बसवू? अंडी गेली ती."

"तू बोललीस म्हंजे गेलीच." छत्री घेऊन तो दुकानात निघून गेला.

उचलताना ती फुसफुसली, चावली नाही. पोट तापलेलं होतं. कापली, गरम पाण्यात बुडवली, सोलायला बसले. पाठीची पिसं चिवट निघाली. छातीवर मात्र पिसं नव्हतीच; तिनेच ती उपटून अंड्यांखाली घातली होती. तेवढंच काम वाचलं, असं तेव्हा मनात आलं. अंडी घरट्यासकट पाटीत भरली आणि उकिरड्यावर ओतली. पाऊस लागलेला होता.

दुपारी खाला बदकं न्यायला बांबूची डाल घेऊन आली.

"तीन बोलली व्हतीस गो. दोनच दिसतात. खुडूक कुठं हाय?"

"टोपात. अंडी नासली तिची. एकतीस दिवस झाले."

खालाने डाल खाली ठेवली. "या जातीला पाच हप्ते लागतात. माझ्याकडं व्हती ना. सगळ्या गावाला अक्कल शिकवतेस, मला इचारायला काय झालं व्हतं?"

मी तशीच भिजत उकिरड्याकडे गेले. दोन अंडी फुटली होती, नऊ शाबूत आणि थंडगार. एक कानाला लावलं. खालाने ते माझ्या हातातून घेऊन आपल्या कानाला लावलं आणि परत दिलं. तरी मी ती नऊ कोंड्यात घालून चुलीशेजारी ठेवली.

संध्याकाळी पाहुणे जेवले. "वहिनी, रस्सा झकास झालाय," दीर म्हणाले. मी वाढत राहिले. मला उपास आहे म्हटल्यावर जाऊ हसली, "गटारीला उपास? तुमचं बाई काहीतरीच!" नवऱ्याने माझ्याकडे बघितलं आणि ताटातला तुकडा बाजूला सारला.

दुसऱ्या दिवशी सकाळी एकेक अंडं फोडून बघितलं. नऊच्या नऊ अंड्यांत पिल्लं भरली होती. पिवळी-काळी लव, पाय पोटाशी दुमडलेले, नखंसुद्धा आलेली. कुदळीने केळीखाली खड्डा काढला. पिल्लं ठेवली, माती ओढली आणि कुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर कपडे धुवायचा दगड सरकवला.