दादानं माळ माझा म्हणला न्हाय

माझ्या थोरल्या भावाला, धुळाप्पाला, लोकं देवमाणूस म्हणत्यात. म्हणू द्या. मला त्याचा राग येतो आन् राग आला की रडू येतं, त्याला म्या काय करू?

जळकोटच्या अलीकडं आमचं गाव. मला दिलीबी गावातल्या गावातच, म्हणून सगळं डोळ्यांनी बघितलंय. गावाच्या वरच्या अंगाला माळ. नुसता खडक आन् गवत. सरकारच्या लेखी पडीक. पडीक म्हणणाऱ्यानं पावसाळ्यात एकदा तरी यायला पाहिजे होतं. खाली सगळीकडं सोयाबीन उभं, बांधावर मेंढरू दिसलं तरी शिव्या बसत्यात. तवा धनगरानं जायचं कुठं? माळावर. आमच्या बापाची मेंढरं तिथंच जगली, दादाचीबी तिथंच.

आमच्यात एक रीत हाय. माळाच्या तोंडाशी बिरोबाचा दगड. तिथं पायतान काढायचं, हात जोडायचे आन् म्हणायचं, "देवा, तुझ्या रानात आलोय, पोटापुरतं चारून जातो." माळाला 'माझा' म्हणायचं न्हाय. म्हणलं की कळपात रोग शिरतो. लहानपणी माझ्या तोंडून एकदा निघालं तर आईनं थोबाडीत दिली होती.

मग सोलरवाले आले. शाळेत बैठक झाली. साहेब माणूस चांगला होता, उगं खोटं कशाला बोलू. म्हणला, धूर न्हाय, कोळसा न्हाय, साऱ्या जगाची हवा साफ व्हनार. व्हवू द्या की बाबा! पण त्याला आमचंच गवत घावलं का? हे म्या मनातच म्हणलं. बाईमाणसाला तिथं कोण बोलू देतंय?

साहेबानं विचारलं, "माळावर कुणाचा हक्क असेल तर उभं राहून सांगा." माळाखालच्या शेताचा बलभीम उठला. दोन वर्षांमागं त्यानं माळाची कड नांगरलेली. छाती काढून म्हणला, "माझी वहिवाट हाय." मग सगळी दादाकडं बघाय लागली. म्या मागनं दबक्या आवाजात म्हणलं, "दादा, ऊठ की! आमचा हाय म्हणून सांग!"

दादा उठला. पटका सारखा केला. "न्हाय साहेब, माळ माझा न्हाय. बिरोबाचा हाय."

"म्हणजे तुमची हरकत नाही," साहेब म्हणला आन् दुसरीकडं वळला.

दादा खुशीत खाली बसला. देवाचा म्हणल्यावर कोण हात लावतंय, असं त्याला वाटलं. घरी येईस्तोवर तेच सांगत होता. म्या कपाळावर हात मारून घेतला.

माळाभोवती तारेचं कुंपण आलं, सोलरच्या प्लेटा आल्या. बलभीमाला भरपाई मिळाली. बिरोबाचा दगड त्यांनी हलवला न्हाय, उलट शेंदूर लावून भोवती कठडा बांधून दिला. "बघ तारा, देवाला धक्का लावला न्हाय त्यांनी," दादा म्हणतो. आता काय बोलायचं या माणसाला!

फुडच्या पावसाळ्यात प्लेटांखाली गुडघाभर गवत झालं. दादानं हात जोडून सांगितलं, मेंढरं सोडतो, फुकटात साफ व्हईल. न्हाय म्हणले, वायरी तुटतील. औषध मारून गवत जाळलं त्यांनी. मेंढरं तारेबाहेर उभी राहून वास घ्यायची. ते बघून मला दोन दिवस भाकरी गोड लागली न्हाय. दादा सडकेच्या कडेनं चारायला लागला, तर हैदराबादकडच्या ट्रकनं दोन मेंढ्या चिरडल्या. त्याचे गुडघे गेलेले, दुसऱ्या धनगरांवाणी चाऱ्यासाठी कर्नाटकात चालत जायची ताकद न्हाय. दिवाळीच्या आधी सगळा कळप हरिबाला, आमच्या चुलतभावाला, दिला. मेंढरं निघाली तवा दादा भिंतीकडं तोंड करून बसला होता.

आन् पोटाचं काय? तर माळावर त्यालाच राखणदार ठेवला. काम काय, तारेत भोक बघायचं आन् मेंढरं आत येऊ द्यायची न्हाईत. निळा शर्ट दिला. लई वाईट दिसतो त्यात.

यंदा हरिबा कळप घेऊन कर्नाटकातनं परतला. मी दादाची भाकरी घेऊन गेले होते. मेंढरं आपसूक माळाकडं वळली. आतनं सुपरवायझर वरडला, "धुळाप्पा, हाकला ती!" दादा तारेपाशी गेला आन् घसा फोडून वरडला, "हुर्रर्र! हुर्रर्र!"

मेंढरांनी माना वर केल्या. आवाज वळखला त्यांनी. पळायचं सोडून सगळीच्या सगळी त्याच्याकडं धावत आली, तारेला नाकं लावून वरडाय लागली. एक म्हातारी मेंढी तारेतनं त्याचा हात चाटाय लागली. मागनं सुपरवायझरचं चालूच होतं, हाकला, हाकला.

तवापासनं दादा मेंढरांना आवाज देत न्हाय. कळप आला की नुसती काठी आपटत राहतो तारेवर, ती निघून जाईस्तोवर.