साडूच्या गच्चीवरचे तारे

सुनंदाताईंचा फोन आला तेव्हा मी मिलमध्येच होतो. "अशोकराव, हे गेले..." एवढंच त्या बोलल्या. सुनंदाताई म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, आणि गेले ते दिलीपराव, माझे साडू. घरी पोचलो तर माझी मुलगी मयूरी जिन्यातच बसून हमसून हमसून रडत होती. कॉलेजात जाणारी, एरवी डोळ्यांत पाणी न आणणारी पोरगी. तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि खरं सांगतो, मनात पहिला विचार आला तो हा, की माझ्यासाठी ही एवढी रडेल का?

आता महिना उलटून गेला, तरी तो विचार जात नाही... माणूस गेला की त्याच्यावर जळणंही संपेल असं वाटलं होतं. माझं तरी संपलेलं नाही.

आम्ही दोघं खानदेशातून सुरतेला आलो, एकाच प्रिंटिंग मिलच्या ट्रेसिंग खात्यात चिकटलो, डिंडोलीत शेजारच्या गल्ल्यांत घरं घेतली. फरक एवढाच, की त्यांच्या घराला गच्ची होती आणि गच्चीवर दुर्बीण. शनिवारी दिवेलागण झाली की मयूरी "मावसाकडे जाते" म्हणून जी जायची, ती जेवायलाच परत. मोबाइलच्या उजेडानं डोळे दिपतात म्हणून दिलीपराव छापील नकाशे वापरायचे. टॉर्चला साडीच्या लाल जॉर्जेटचा तुकडा बांधलेला. एका ठळक ताऱ्यावरून शेजारच्या बारीक ताऱ्यावर, तिथून पुढच्या, असं पायरीपायरीनं जात ते हवं ते शोधायचे. पश्चिमेला हजीऱ्याच्या कारखान्यांचा उजेड पसरलेला असायचा, तरी त्यांना सापडायचं. मला कधीच नाही. दुर्बिणीत डोळा लावायच्या टोकाशी आरसा होता, त्यामुळे डावीकडचं उजवीकडे दिसायचं, आणि मी आपला नकाशा गोल गोल फिरवत बसायचो. "भाऊ, फिराईसन काय व्हई? पालथा करा, मांगून टॉर्च लावा," ते म्हणायचे, आणि तेही इतक्या मायेनं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

शेवटी मी इरेला पेटून मोटरवाली दुर्बीण आणली. बटण दाबलं की ग्रह हजर! मयूरीनं दोनदा डोळा लावला. "मस्त छे, पप्पा," म्हणाली, "पण मला शोधायलाच मजा येते." ती दुर्बीण अजून कपाटावर पडून आहे.

एकदा मात्र तिनं मला काम सांगितलं. मावसाला नाही, मला! कागद मागून नीट वाचता येत नाही, तर पारदर्शक फिल्मवर नकाशा काढून द्या म्हणाली. साडीच्या डिझाइनचा एकेक रंग आम्ही अशाच फिल्मवर काढतो. दिलीपरावांचा जुना, मळका नकाशा स्कॅन करून मी जीव ओतून फिल्म तयार केली. आता फिल्मवर बारीक काळा ठिपका दिसला की ट्रेसिंगवाल्याचा हात ब्लेडकडे जातोच, कारण तो राहिला तर अख्ख्या कापडावर डाग उमटत जातो. जुन्या कागदावरची धूळ समजून मी एकूणएक बारीक ठिपके खरवडून काढले. काय चकचकीत झाली होती फिल्म!

गच्चीवर मयूरीनं ती टॉर्चसमोर धरली. "पप्पा... तारा क्यां गया?"

देवयानी दीर्घिकेपर्यंत नेणारे पायरीचे सगळे तारे मी साफ केले होते. दिलीपराव हसतील म्हणून मी दात आवळून उभा राहिलो, पण ते हसले नाहीत. फिल्म निरखून म्हणाले, "भाऊना हात भलता साफ शे, बेटा. एक वरखडा नई." मग पेन घेऊन बसले आणि एकेक तारा परत मांडू लागले. मयूरी त्यांच्या डोक्याला डोकं लावून ठिपके सांगत होती. हसले असते तर बरं झालं असतं. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

गेल्या आठवड्यात ताईंनी दुर्बीण मयूरीला देऊन टाकली. संध्याकाळी तिनं मला त्याच गच्चीवर बोलावलं, तीच फिल्म हातात दिली आणि म्हणाली, "आज देवयानी तुम्ही शोधा." मी पालथी फिल्म धरून चाचपडत राहिलो. तारा सुटायचा, परत मागे यायचो. ती घाई करत नव्हती... आणि मग दिसली. फिकट, कापसाच्या पुंजक्यासारखी. मी ओरडलोच! मयूरीनं माझ्या दंडाला घट्ट धरलं, "पप्पा, सापडली?" म्हणत, दंड न सोडताच मला बाजूला सारून डोळा लावला. इतकी वर्षं ज्यासाठी जळलो ते माझ्या हाताला बिलगून उभं होतं. आणि मी मात्र जिन्याच्या दाराकडे बघत होतो. आम्ही वर असलो की चहा दिलीपरावच घेऊन यायचे. ते आले की त्यांना कसं जळवायचं, हे मनात जुळवत होतो.