एका खोलीत दोन बाळंतिणी
नातसुनेसाठी अळिवाची खीर शिजायला लागली की त्या वासाने मला माझं पहिलं बाळंतपण आठवतं. मी त्यासाठी माहेरी आले होते आणि माझ्या पाठोपाठ आईही बाळंत झाली. "मायलेकींनी बरी गाठ घातली," सुईण हसली, तर आई म्हणाली, "व्हय मावशे, एका शेगडीवर दोघी शेकतो." घरात अळीव आणि तूप एकीपुरतंच होतं. "मला तूप पचत न्हाई," म्हणत आई ते सगळं मला वाढायची आणि स्वतः नाचणीची पेज प्यायची. तिला दूध पुरेसं आलंच नाही. माझा नवा भाऊ भुकेने सारखा रडायचा. एका दुपारी तिने मान वर न करता विचारलं, "घोटभर पाजतीस का गं ह्याला?" दुसऱ्याचं पोर पाजलं की आपलं दूध आटतं, असं सासूने मला बजावून पाठवलं होतं. मी म्हटलं, "माझ्याच पोराला पुरत न्हाई." माझी चोळी दुधाने भिजली होती आणि आईला ते दिसत होतं. "बरं," म्हणून तिने शेळीच्या दुधात कापसाचा बोळा बुडवला. भाऊ त्यावर जगला. आज तोच मला हाताला धरून दवाखान्यात नेतो. त्याला मी हे सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही.