जुडीतलं दुसरं कसं काढायचं

आमच्या ऑफिसात गार हवा फक्त कॉम्प्युटरच्या खोलीत. त्यामुळे दुपारचे डबे तिच्या दाराशीच उघडायचे, आणि दर डब्यामागे एक किस्सा उरायचा.

ऐंशीनंतरची गोष्ट. ऑफिस संत्रा बागायतदारांची नोंद ठेवायचं. मी आणि पुष्पाबाई, दोघी मॅट्रिक, कार्डांना भोकं पाडणाऱ्या पंच ऑपरेटर. कार्डं बंद होऊन टर्मिनल, म्हणजे पडदा आणि कीबोर्ड, येणार होतं. आमचे वैद्य साहेब म्हणाले, "मी कॉम्प्युटरसाठी एक सोपी भाषा बनवतोय. तिच्यात तुम्हाला प्रोग्रॅम लिहिता आला, तर नोकरी टिकेल."

आम्ही दुसऱ्या दिवशी नव्या वह्या आणल्या.

*

नाव, गाव, झाडं, अशी एकत्र बांधलेली माहिती म्हणजे जुडी. तिच्यातलं काही काढायचं तर त्याचा नंबर सांगायचा. साहेब म्हणाले, "मोजणी शून्यापासून. नाव शून्य, गाव एक."

पुष्पाबाईंनी विचारलं, "साहेब, पंगतीत सुरुवातीले बसते त्याले काय म्हणता?"

"पहिला."

"मग नावाले काहून शून्यावर बसवून राहिले?"

साहेबांनी फळा पुसला आणि नावापुढे एक लिहिलं, गावापुढे दोन.

*

नंबर आधी कंसात लिहायचा होता. मी एका कार्डावर कंस बंद करायला विसरले. मशीननं चुकांचे इतके कागद छापले की आठवडाभर सगळ्यांनी डबे त्यांच्यावरच ठेवले. साहेबांनी कंस काढून टिंब दिलं. जुडी.२ म्हणजे गाव. टिंब बंद करावं लागत नाही.

*

मग गावाच्या जागी गाव आणि तालुका अशी छोटी जुडी आली. छोटीतलं पहिलं हवं म्हणून मी लिहिलं, जुडी.२.१. मशीनला वाटलं, दोन पूर्णांक एक दशांश. साहेब डोकं धरून बसले.

पुष्पाबाई म्हणाल्या, "मोठ्या पेटीतून लहान पेटी काढा, खाली ठेवा, मग ते उघडा. हातात धरून दोन्ही कुठं उघडतेत?"

मी दोन ओळींत लिहिलं. चाललं.

*

एकदा नव्या फॉर्मवर गाव आधी छापलं गेलं आणि नाव नंतर. पत्रं गेली, "श्री. नरखेड यांस". एक शेतकरी पत्र घेऊनच आले. "पोस्टमन म्हणे, पूर्ण गावाचं पत्र आहे, चावडीवर वाचा."

त्या दिवसापासून नंबर गेले. जुडी.नाव, जुडी.गाव.

*

शेवटी मुख्य ऑफिसचे मोठे साहेब आले, आम्हाला ठेवायचं की नाही ते ठरवायला. टर्मिनलसमोर पुष्पाबाई बसल्या होत्या.

"शिक्षण?"

"मॅट्रिक. तुमच्या घरची बाग कोणत्या गावी, साहेब?"

त्यांनी गाव आणि वडिलांचं नाव सांगितलं. पुष्पाबाईंनी तीन ओळी लिहिल्या. पडद्यावर वडिलांचं नाव आलं, गाव आलं, झाडं आली एकशे चाळीस.

मोठ्या साहेबांनी झाडांच्या आकड्यावर बोट ठेवून तो पुन्हा वाचला. मग वैद्य साहेबांना म्हणाले, "दोघींनाही टर्मिनलवर घ्या."

दारापर्यंत गेले आणि परत आले. हळूच म्हणाले, "बाई, वडील मला शंभरच सांगतात."

"ते मशीनले माहीत नाही, साहेब. घरी विचारा."