काट्याचा नवा ड्रायव्हर

मारेगावकडच्या एका जिनिंगमध्ये मी झाडूकाम करायची. तिथल्या वजनकाट्याचा कॉम्प्युटर युनिक्स नावाच्या सिस्टिमवर चाले. ऑपरेटरने कापसाच्या भर हंगामात, गाड्यांची रांग असताना नवा ड्रायव्हर टाकला. ड्रायव्हर म्हणजे एक प्रोग्रॅम, तो नसला तर कॉम्प्युटरला काटा वाचता येत नाही, एवढे त्यानेच मला सांगितले होते. पडद्यावर वजन येईना. हा काटा मारतो, असे समजून गाडीवाल्यांनी त्याला बाहेर ओढून लाथांनी तुडवले. एकाने बैल हाकायची खिळ्याची काठी, तुतारी, त्याच्या डोळ्यावर उगारली.

मी आडवी आले. "डोया फोडशीन तं काटा कोन चालू करन? तुहा बाप?"

त्यांनी ऑपरेटरला सोडले. रक्त पुसत त्याने जुना ड्रायव्हर परत टाकला. वजन आले.

तुतारीवाला म्हणाला, "मंग पयलेच काहून नाही केलं बे?"

ऑपरेटरने सगळ्या गाड्या काट्यावर मोजल्या. नंतर तो कधी आला नाही.