वर धरायला कोण हाय?

आमच्या जुन्या टीममधल्या आम्ही चौघीजणी कुठंही भेटू द्या, लग्नात नाहीतर बारशात, आधी गुडघेदुखी निघते, मग लेकरांचे मार्क निघतात आणि चहा आला की पंची निघते. पंची म्हणजे पंचशीला, आमची कॅप्टन. एकीनं एक सांगितलं की दुसरीला दुसरं आठवतं, आणि दरवेळी पंचीची उंची इंचभर वाढते. मुळातही ती कमी नव्हतीच. वर्गातली पोरं तिला लाईटीचा डांब म्हणायची.

खरं सांगू का, यातलं घडलेलं किती आणि मी दुपारच्या उन्हात डोळे मिटून बघितलेलं किती, हे आता मलाही सांगता येत नाही. पण सांगते.

*

आमचं गाव हिंगोलीकडं, सेनगावच्या अलीकडं. शाळेत पीटीला पठाण सर होते. त्यांनी कुठून तरी बास्केटबॉलची एक रिंग मिळवली. दोन लागतात, पण मिळाली एकच. मैदानात खांब रोवला आणि गावच्या लोहाराला बोलावलं.

"सर, किती उंच ठोकू?"

"जरा वरच ठेवो मामू. पोट्टे लटकते."

लोहारानं सरांचा शब्द राखला. रिंग एवढी वर गेली की खालून बघताना तिच्यातून ढग जाताना दिसायचे. आम्ही कितीदा तरी चेंडू तसाच हातात धरून ते ढगच बघत बसायचो. सर ओरडायचे, "बेटा, बादल नई, बॉल!"

*

पंची सरांना सापडली ती शाळेत नाही, शेतात. तिचे वडील गंगारामकाका कडब्याची गंज रचत होते. काका वर उभे आणि पंची खालून पेंढ्या फेकतेय. प्रत्येक पेंढी बराबर काकांच्या हातात. काका मान वळवून गावाकडं बघत होते, तरी पेंढी हातातच.

सरांनी लुना बंद केली आणि बांध ओलांडून आत आले. मग म्हणाले, "बेटा, शाळेत चेंडू फेकशील का असाच? वर, त्या रिंगमध्ये?"

पंचीनं विचारलं, "वर धरायला कोण हाय?"

"कोणी नाही. आपोआप पडतो खाली."

"मंग फेकायचा काहून?"

सरांनी हसून लुना चालू केली. पण पंची दुसऱ्या दिवशी मैदानावर आली.

*

आमचं मैदान काळ्या मातीचं. पावसाळ्यात चेंडू रुतायचा, उन्हाळ्यात भेगेत जायचा. टप्पा म्हणून घेताच यायचा नाही. तेव्हा पंचीला सुचलं, आपलं खळं हाय की.

ज्यांनी खळं बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगते. ज्वारीची मळणी करायला शेतातच गोल जागा करतात. पाणी मारून, बैल फिरवून, चोपून चोपून, वरून शेणानं सारवतात. वाळल्यावर ती जागा फरशीसारखी वाजते. तिथं चेंडू असा उसळायचा की आम्ही हरखून गेलो. हिवाळ्याचं कोवळं ऊन, हवेत ज्वारीचा भुस्सा, आणि मधोमध पंची टप्पे घेत गोल गोल फिरतेय. माझ्या स्वप्नात अजून येतं ते.

गंगारामकाका आले आणि आमच्या पायांकडं बघून थांबले.

"इथं आपलं खाणं येऊन पडतंय, बाई. अन् तुमी चपला घालून नाचून राहिल्या?"

आमच्याकडं खळ्यावर कोणीच चपला घालून जात नाही. तिथल्या तिथं सगळ्यांनी चपला काढून काठावर ओळीनं ठेवल्या. आता आपल्याला हाकलणार, असं वाटत होतं. काकांनी ओळीकडं बघितलं, म्हणाले, "आता खेळा," आणि बैल सोडायला निघून गेले.

*

हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातच होती, म्हणून पहिली मॅच परभणीला. शाळेनं कॅनव्हासचे पांढरे बूट दिले होते. वासही नव्या बुटांचा होता त्यांना.

ते कोर्ट सिमेंटचं होतं. गुळगुळीत, स्वच्छ झाडलेलं. आम्ही रेषेपाशी पोचलो, पंचीनं खाली बघितलं आणि बूट काढले. मग आम्ही सगळ्यांनी काढले. रेषेबाहेर बुटांची ओळ लावली आणि अनवाणी आत गेलो. पंचांनी तोंडातली शिट्टी काढून विचारलं.

"बूट का काढले?"

पंची म्हणाली, "जागा चांगली हाय, सर."

दुपारचं ऊन होतं. पाच मिनिटांत आमचे पाय असे भाजले की आम्ही उड्या मारायला लागलो. बघणाऱ्यांना वाटलं, खेड्यातल्या पोरी काय चपळ आहेत! सरांनी कपाळावर हात मारला, आणि एकेकीला धरून बूट घालायला लावले.

पंचीनं पहिला चेंडू टाकला तो रिंगच्या कितीतरी वरून गेला. तिनं सरांकडं बघितलं. "सर, रिंग खाली आली की." मग तिनं हात थोडा कमी केला, आणि त्यानंतर चेंडू आभाळात जाऊन, जरा थांबून, सावकाश आत पडायला लागला. पुढं तिची ओळखच झाली ती.

इंटरवलनंतर बाजू बदलतात, हे मात्र एका रिंगवर शिकलेल्या पोरींना कोण सांगणार? पंचीनं सुरेख चेंडू टाकला, आमच्याच रिंगमध्ये. समोरच्या टीमनं टाळ्या वाजवल्या, पंचीनं त्यांना नमस्कार केला.

गावी आल्यावर काकांना सगळं सांगितलं. ते गंभीरपणे म्हणाले, "मधीच खळं बदलत्यात? मंग चुकणारच लेकरू."

*

पुढच्या वर्षी आम्ही जिंकलो. त्याच्या पुढच्या वर्षी पंची विभागाच्या टीममध्ये गेली आणि पेपरात फोटो आला. पण फोटोवाल्याच्या चौकटीत ती मावली नव्हती. डोकं वरच्या बातमीत गेलेलं. गाव म्हणालं, ही पंची कशावरून? काकांनी पेपर जवळ घेतला.

"आपलीच हाय. गुडघा बघा की. खळ्यावर पडली होती ना."

*

पंची राज्याकडून खेळली, हे आता अख्खं गाव सांगतं. मध्ये सहा महिने तिनं चेंडूला हात लावला नव्हता, ते कोणी सांगत नाही.

दहावी झाली. त्याच वर्षी हिंगोली जिल्हा झाला. संक्रांतीनंतर नांदेडला निवड चाचणी होती. निवड झाली की औरंगाबादच्या वसतिगृहात राहायचं, तिथंच शिकायचं आणि खेळायचं. काका म्हणाले, "दहावी झाली. आता बास." पंचीच्या आईची कंबर गेलेली, घरात दुसरं कोणी नाही. "मी गंजीवर उभा राहिलो तर खालून पेंढी कोण फेकील?"

सर दोनदा जाऊन चहा पिऊन आले. दोन्ही वेळेस काका म्हणाले, "बघू." आमच्याकडं बघू म्हणजे न्हाई. पंची रडली नाही. कापूस वेचायला जाताना शाळेच्या मैदानावरनं जायची, ती लांबच्या वाटेनं जायला लागली. मला फार वाईट वाटायचं तिच्याकडं बघून.

त्या हिवाळ्यात गावात मळणीचं थ्रेशर आलं. सगळ्यांची ज्वारी बांधावरच निघाली, काकांचीही निघाली. पोती घरात पडली. आणि मग काकांनी खळं करायला घेतलं. पाणी मारलं, बैल फिरवले, चोपलं.

येणारे जाणारे हसायचे. "गंगाराम, माल घरात अन् खळं काहून करून राहिला?"

"करून राहिलो," काका म्हणायचे, आणि चोपत राहायचे.

सारवण वाळलं त्या संध्याकाळी ते आमच्या दारात आले. मला म्हणाले, "सकाळी सरांकडून चेंडू आण."

सकाळी धुकं होतं. मी आणि सर गेलो. पंची आधीच येऊन काठावर उभी होती, काही न कळल्यासारखी. खळं वाळलेलं, हिरवट, आणि त्यावर एक दाणाही नाही. पलीकडच्या काठाला बैलगाडी लावलेली. गाडीवर काका अनवाणी उभे होते. त्यांनी दोन्ही हातांनी बूड काढलेलं एक टोपलं डोक्याच्या वर धरलं होतं.

सरांनी बूट काढले. मी चपला काढल्या आणि चेंडू पंचीच्या हातात दिला. तिनं एक टप्पा घेतला. आवाज पार ओढ्यापर्यंत गेला.

काका वरून म्हणाले, "थोडं अजून वर करू का? शाळेतलं उंच हाय म्हणत्यात."